तार किती वर? परभणीतल्या एका गिटारच्या नोंदी

१६ एप्रिल

परवा भीमजयंतीचे दोन कार्यक्रम झाले. दुपारी वसमत रोडला, रात्री जिंतूरला. दोन्ही मिळून पाचेक तास वाजवलं आणि आज शर्टाचं बटण लावतानाही डावी तर्जनी दुखतीये. एफ कॉर्डचा बार (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी) धरला की मनगट भरून येतं. आमचा ढोलकीवाला स्टेजवरच म्हणाला, "गिटार वाजवायलास का नांगर धरायलास?" खोटं नव्हतं ते, तारा बोर्डापासून इतक्या उंच की दाबायलाच जोर लागतो.

गिटार इलेक्ट्रिक, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅट धाटणीची आहे. ब्रिजवर (बुडाकडे तारा टेकतात तिथं) सहा सुटी सॅडल, म्हणजे एकेका तारेची टेकणी; बोर्डावर २२ फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या), २५.५ इंची म्हणजे ६४८ मिमी स्केल (तारेची मोकळी लांबी), बोर्डाचा गोलवा ९.५ इंची त्रिज्येचा. पुण्यात सेकंडहँड घेतली. तीन वर्षांत तारा बदलण्यापलीकडे तिला हात लावला नाही. परभणीत सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) करून देणारं माझ्या ओळखीत कुणी नाही. संभाजीनगरला न्यायची तर जाऊन-येऊन एक दिवस आणि दीडेक हजार रुपये. म्हटलं, घरीच करू, आठ दिवसांचं काम. (हे वाक्य पुढे कुणी मला वाचून दाखवू नये.)

आज फक्त मोजलं. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या बुडापर्यंत.

१७ एप्रिल

कालची मापं रद्द. भाच्याच्या कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी वापरली होती. तिच्यात शून्याची रेघ कडेपासून आत असते, हे दहावीनंतर विसरूनच गेलो होतो. बाजारातून ७० रुपयांची स्टीलची पट्टी आणली. तिचं शून्य थेट कडेवर आहे आणि अर्ध्या मिमीच्या रेघा आहेत. तरी दोनदा मोजलं की दोन आकडे. डोळा वर-खाली झाला की पाव मिमीचा फरक पडतो. गिटार टेबलावर आडवी न ठेवता मांडीवर, वाजवायच्या स्थितीत धरायची, मागून मोबाइलचा उजेड टाकायचा आणि डोळा फ्रेटच्या बरोबरीत आणायचा. मग आकडे टिकले. जाड ई (सगळ्यात जाड, सहावी तार) २.४ मिमी, बारीक ई (सगळ्यात बारीक, पहिली) २.१.

दुसरा घोळ आकडा कुठला धरायचा याचा. फेंडरवाले उंची सतराव्या फ्रेटवर सांगतात. ९.५ ते १२ इंची गोलव्याला दोन्ही बाजूंनी १.६ मिमी. गिब्सनवाले (दुसरी गिटार कंपनी) बाराव्यावर मोजतात, साधारण २.० आणि १.२. मी फेंडरचा आकडा घेऊन गिब्सनच्या जागी मोजत होतो. तार नटपासून (डोक्याकडची खाचांची पट्टी) ब्रिजकडे चढत जाते, त्यामुळे बाराव्यावर १.६ ठेवली तर सतराव्यावर ती १.९ च्या आसपास निघते. आपल्याला कुणी "माझी अ‍ॅक्शन १.५ आहे" असं सांगितलं (अ‍ॅक्शन म्हणजे तारेची उंची), तर आधी कुठल्या फ्रेटवर ते विचारायचं. यापुढच्या सगळ्या नोंदी सतराव्या फ्रेटच्या.

१९ एप्रिल

नव्या तारा चढवल्या, ९-४२ (जाडी, इंचाच्या हजारांशात), ५५० रुपये. अ‍ॅलन कीचा संच २२० रुपये. सॅडलच्या बारीक स्क्रूला १.५ मिमीची चावी लागते.

सहा सॅडलचे मिळून बारा स्क्रू. त्यातले पाच गंजून घट्ट. तीन वर्षं मांडवात, पंख्याविना, मे महिन्यात वाजवलेल्या हाताचा घाम तिथंच मुरतो. चौथ्या तारेच्या स्क्रूला जोर लावला आणि चावी आत गोल फिरली. षटकोनी खाच गेली. यात चूक माझीच, चावी पूर्ण आत बसली नव्हती.

गंज सोडवायचं तेल (१८० रुपये) काडीच्या टोकाने एकेक थेंब सोडलं आणि रात्रभर ठेवलं. तेल थेट फवारू नका, खाली पिकअप (तारेचा कंप पकडणारं चुंबक) आणि लाकूड आहे. चार स्क्रू सकाळी सुटले. खाच गेलेला पक्कडीने खालून धरून काढला. तो परत बसवण्याच्या लायकीचा राहिला नाही.

२४ एप्रिल

पाच दिवस एका स्क्रूपायी गेले. परभणीत हार्डवेअरच्या चार दुकानांत एम-३ चा (३ मिमी जाडीचा) बिनडोक्याचा ग्रब स्क्रू मागितला. एकाने चष्म्याचा स्क्रू दाखवला, एकाने थेट चष्म्याच्या दुकानाचा पत्ता दिला. शेवटी वाळूज एमआयडीसीत टूलरूमला असलेल्या मावसभावाला फोन केला. तो लग्नाला येणारच होता. येताना कागदाच्या पुडीत मूठभर घेऊन आला, ८ आणि १० मिमी लांबीचे. त्याच्या लेखी ती झाडून टाकायची वस्तू. एक रुपया घेतला नाही, पण मटणाचं जेवण झालं.

एक हिशोब पक्का करून ठेवा. एम-३ च्या आट्यांचं अंतर अर्धा मिमी असतं, म्हणजे स्क्रूचा एक पूर्ण फेरा दिला की सॅडल अर्धा मिमी वर-खाली होतं. सतराव्या फ्रेटवर त्याचा परिणाम ०.३ मिमी. हे समजल्यापासून मी अंदाजाने फिरवणं बंद केलं. सॅडलचे दोन्ही स्क्रू सारखेच फिरवायचे, नाहीतर सॅडल तिरकं बसतं आणि तार एका बाजूला घसरते.

२६ एप्रिल

उत्साहात सगळ्या तारा १.२ वर आणल्या. नवव्या-दहाव्या फ्रेटच्या पुढे सगळीकडे खरखर. आणि गंमत बघा, पहिल्या तीन फ्रेटवर बोटाला आधी जेवढा जोर लागायचा तेवढाच आजही लागतोय. खाली आणून काहीच मिळालं नाही, फक्त वरचा अर्धा बोर्ड निकामी झाला.

म्हणजे दोष सॅडलचा नाही, नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) वाकाचा. तो मोजायला फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) लागतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या चाचांकडे गेलो. ते गाडीचं टॅपेट सेट करत होते, हातात तेच पानांचं गेज. मागितल्यावर म्हणाले, "गिटार में भी टॅपेट रहता क्या?" मी म्हटलं, तसंच समजा. संध्याकाळपर्यंत दिलं, वर बजावून, की ०.०५ चं पान वाकवून आणलंस तर गाडी आणू नकोस.

कृती अशी. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा. दुसऱ्या हाताने जाड ई शेवटच्या फ्रेटवर दाबायची. तार आता सरळ पट्टी झाली. आठव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्यात किती पान जातं ते बघायचं. तार उचलली न जाता पान नुसतं घासून गेलं पाहिजे. माझं ०.५० चं पान आरामात गेलं. ९.५ इंची गोलव्याला ०.२५ पुरतं. नेक मधोमध खोल गेलेला, त्यामुळे मधल्या फ्रेटवर तार उंच आणि पुढे गेल्यावर फ्रेट तारेला येऊन भिडतात.

२७ ते ३० एप्रिल

ट्रस रॉड, म्हणजे नेकचा वाक कमी-जास्त करणारी आतली सळई. इथं सगळ्यांची छाती धडधडते, माझीही धडधडली. माझ्या गिटारला ४ मिमीची अ‍ॅलन की नटाच्या मागून लागते. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट, वाक कमी.

पहिल्या दिवशी एकदम अर्धा फेरा दिला. दहा मिनिटांनी मोजलं, ०.३२. थोडंच राहिलं म्हणून अजून पाव फेरा दिला. सकाळी मोजलं तर ०.०८, आणि पहिल्या पाच फ्रेटवर टर्रर्र. लाकूड रात्रभर सरकत असतं, माझ्या दहा मिनिटांचं त्याला काही नाही. पाव फेरा उलटा दिला, ट्यून करून झोपलो. दुसऱ्या दिवशी ०.२० आणि तिसऱ्या दिवशी ०.२५ वर येऊन थांबलं.

पाव फेरा आणि एक रात्र, यापेक्षा घाई करू नका. दर वेळी मोजायच्या आधी तारा सुरात लावून घ्या, कारण तारांच्या ओढीनेच वाक तयार होतो. ढिल्या तारांवर घेतलेलं माप फुकट.

चाचांचं गेज परत दिलं आणि स्वतःचं १६० रुपयांना घेतलं.

४ मे

वाक ठीक, उंची १.६ वर आणली, तरी दुसऱ्या तारेवर चौदाव्या फ्रेटला बझ (खरखर). बाकी कुठं नाही. चार दिवस मी त्या एका सुरासाठी सगळं सॅडल वर-खाली करत बसलो. १.९ वर बझ गेला, पण मग पुन्हा नांगर.

एकाच जागी खरखर असेल तर दोष पुढच्या फ्रेटचा असतो, उंचीचा नाही, हे आधी सुचायला हवं होतं. मुदत संपलेलं एटीएम कार्ड कापून त्याची मूळची सरळ कड असलेला ३५ मिमीचा तुकडा केला आणि चौदा-पंधरा-सोळा या तीन फ्रेटवर उभा ठेवला. टक-टक डुलला. पंधरावा फ्रेट एका बाजूने किंचित उचललेला. उन्हाने लाकूड आटलं की फ्रेटची पकड ढिली होते. सागाचा छोटा ठोकळा वर ठेवून हलक्या हातोडीने चार ठोके दिले, फ्रेट बसला. टोकाला फेविक्विकचा एक थेंब, वर ओलं न होऊ देता. बझ गेला. सॅडल परत १.६ वर.

९ मे

आता पहिल्या फ्रेटकडे. एफ अजूनही जड. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे तार दाबून पहिल्या फ्रेटवर किती फट राहते बघायची. झेरॉक्सच्या कागदाएवढी, म्हणजे ०.१ मिमीच्या आसपास, हवी. माझ्याकडे ०.३५. नटाच्या खाचा कारखान्यातून उथळच आलेल्या असणार. सॅडल कितीही खाली घ्या, इथली उंची त्याने हलत नाही. इतके दिवस बार धरताना मी नटाशी झगडत होतो आणि शिव्या ब्रिजला देत होतो.

नटाच्या खऱ्या कानशी परदेशी, काही हजारांच्या. त्याऐवजी गॅस वेल्डिंगचा नोझल साफ करायच्या पिनांचा संच मिळतो, १२० रुपयांना, वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात. प्रत्येक पीन कानशीसारखी खरखरीत आणि वेगवेगळ्या जाडीची. पहिल्या-दुसऱ्या तारेला सगळ्यात बारीक पीनही किंचित ढिली पडते, पण चालून जातं.

चार-चार घाव घालून तार परत बसवून मोजायचं. सहावी, पाचवी, चौथी नीट झाली. दुपार होती, लाइट गेलेली, घाम डोळ्यात, आणि तिसऱ्या तारेला मी न मोजता घासत राहिलो.

१० मे

मोकळी तिसरी तार वाजवली की "झिंऽऽन". सतारीसारखी. दाबलेले सूर स्वच्छ, फक्त मोकळा सूर झिणझिणतो.

शेजारचे काका भजनी मंडळात तंबोरा धरतात. खिडकीतून ऐकून आत आले. "अरे, ही तर जवारी लागली! आम्हाला मिरजेहून पैसे मोजून लावून आणावी लागते." चेष्टा होती, पण दोष त्यांच्याच शब्दात सापडला. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा अगदी नाममात्र उताराचा घासलेला असतो. तार एका बिंदूवर न टेकता त्या उतारावर घासत कंप पावते आणि तिच्यातून झणकार निघतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो झणकार जुळवतात. मी नटाच्या खाचेत नेमकं तेच करून ठेवलं होतं. खाचेचा उतार डोक्याकडे हवा आणि तार बोर्डाकडच्या कडेवरच टेकायला हवी. माझी पीन आडवी राहिली, पुढची कड गोल झाली आणि खाच शिवाय जास्त खोलही गेली. म्हणजे दोन चुका एकाच खाचेत.

काकांनी तंबोरा आणून दाखवला. बोटाने उतार लागत नाही, नख फिरवलं की कळतो. जे काम कारागीर वर्षानुवर्षं शिकतो ते मी अर्ध्या तासात बिघाड म्हणून करून दाखवलं, असं काका जाता जाता बोलले. दोन दिवस घरात तोच विनोद.

१३ मे

खाच भरणं: खायचा सोडा आणि फेविक्विक. आईने डबा देताना विचारलं, "भजे करायलास का?" सोडा खाचेत दाबून वर थेंब सोडला की क्षणात दगड होतो. गरम होतो आणि वाफ नाकात जाते, खिडकी उघडी ठेवा.

पहिल्यांदा थेंब मोठा पडला, ओघळून पहिल्या फ्रेटपर्यंत गेला. ब्लेडने खरवडताना बोर्डावर नखाएवढा ओरखडा उठला, तो आता कायमचा. दुसऱ्यांदा दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावली, थेंब टाचणीच्या टोकाने सोडला. अर्ध्या तासाने पीन तिरकी धरून, टोक डोक्याकडे झुकवून, मोजत मोजत नवी खाच. ०.१२ वर थांबलो. अजून दोन घाव घालायचा मोह झाला होता. उठून चहा घेतला.

सतत काढून-घालून तारांना वळ पडले, तिसरी तर तुटलीच. नवा संच, पुन्हा ५५०. फेविक्विकच्या दोन ट्यूब, वीस रुपये.

एफ आता दोन बोटांच्या जोराने वाजतो. या एका दुरुस्तीने जेवढा फरक पडला तेवढा बाकी सगळ्यांनी मिळून पडला नव्हता. पुन्हा करायचं झालं तर वाक, मग नट आणि सगळ्यात शेवटी सॅडल, या क्रमाने करीन.

१६ मे

मधल्या चार तारा. दोन्ही ई लावून घेतल्या की मधल्या तारा बोर्डाच्या गोलव्याप्रमाणे चढत-उतरत गेल्या पाहिजेत. ९.५ इंच म्हणजे २४१ मिमी. यंदाच्या लग्नपत्रिकांतली एक जाड पत्रिका घेतली, दोऱ्याला खिळा आणि पेन्सिल बांधून २४१ मिमीचा कंस काढला, कापला. ब्रिजजवळ तारांवर तो उपडा ठेवून दुसरी आणि पाचवी खाली असल्याचं दिसलं. अर्धा-अर्धा फेरा. वीस मिनिटांचं काम.

१८ मे

आता खरी परीक्षा, कुठली उंची कानाला आणि हाताला बरी. तीन उंच्या ठरवल्या: १.२, १.६, २.०. तीन तुकडे: मोकळे कॉर्ड जोरात, जाड तारांवर एक ठेका आणि तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटहून तार ओढून एक स्वर वर नेणारी मींड. अ‍ॅम्पची बटणं न हलवता मोबाइलवर रेकॉर्ड केलं.

१.२ चा आवाज सगळ्यात भरलेला, सगळ्यात मोठा. बोटं तर लोण्यावरून फिरतात. अ‍ॅम्प लावल्याशिवाय खरखर ऐकू येते, अ‍ॅम्पमधून ती जवळपास येत नाही. ठरवलं, १.२.

२१ मे

काल हळदीच्या कार्यक्रमात १.२ वर वाजवलं. घरातल्या हाताने आणि मांडवातल्या हाताने तार सारखी छेडली जात नाही. ढोलकी आणि बेंजो सुरू झाले की आपसूक जोर वाढतो. जोर वाढला की तार फ्रेटवर आपटते, सूर सुरुवातीलाच मरतो, मागे काही उरत नाही. मींड घ्यायला गेलो की तार बोटाखालून निसटते. बोटाचं टोक तारेच्या खाली शिरायला जागाच नाही, ते वरून घसरतं आणि शेजारच्या तारेत अडकतं. बारीक ईवर सोळाव्याला ओढलेला सूर तर मधेच बंद पडला. गोल बोर्डावर तार मधल्या फुगवट्याकडे सरकते आणि पुढच्या फ्रेटला टेकते. बेंजोवाल्याने माझ्याकडे बघितलं, त्यातच सगळं आलं.

२३ मे

मग घरच्या चाचणीत १.२ चा आवाज मोठा का लागला? रात्री झोपताना सुचलं: पिकअप. तार खाली आली म्हणजे पिकअपच्याही जवळ आली. मी उंचीची तुलना करतच नव्हतो, पिकअपच्या अंतराची करत होतो. कान मोठ्या आवाजाला नेहमी चांगला आवाज समजतो.

चाचणी परत. या वेळी दर उंचीला पिकअपचे स्क्रू फिरवून अंतर तेच ठेवलं: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, तारेच्या बुडापासून चुंबकाच्या माथ्यापर्यंत जाड बाजूला २.४ मिमी, बारीक बाजूला २.०. एकदा चुकून जाड बाजूला १.५ झालं तर वरच्या फ्रेटवर जाड ई मधून एकाच वेळी दोन सूर डुगडुगायला लागले. चुंबक तारेला खेचतो, ट्यूनरही गोंधळतो. इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवरच्या सुराचा खरेपणा) बिघडलं म्हणून सॅडल मागे-पुढे करण्याआधी पिकअप खाली घेऊन बघा.

अंतर सारखं ठेवल्यावर चित्र पालटलं. १.२ चा सूर चेपलेला, छेडल्यावर लगेच बसतो. १.६ ला सुरुवातीचा टणत्कार स्पष्ट आणि सूर टिकतो. २.० ला कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी ऐकू येते, जाड तारा घणघणतात, पण बारीक तारांवर हात थकतो आणि दाबताना सूर किंचित चढतो. भाच्याला कुठलं काय ते न सांगता ऐकवलं. कॉर्डला त्याने दोनदा २.० निवडलं. मींडेत १.६ आणि २.० त्याला वेगळे सांगता आले नाहीत. १.२ ला तो म्हणाला, "हे मोबाइलच्या स्पीकरसारखं येऊलालंय."

म्हणून जाड ई १.९, बारीक ई १.६, मधल्या तारा पत्रिकेच्या कंसाप्रमाणे. मींडेला बोट तारेखाली शिरतं, बार सहज धरला जातो. कुणाला फक्त जलद, हलक्या हाताने वाजवायचं असेल तर १.३ सुद्धा जमेल. माझा हात जड आहे आणि गाणी ओढायची आहेत.

२८ मे ते ८ जून

बाहेर ४२-४३, घरात वाळ्याचा कूलर. गिटार स्टँडवर कूलरच्या वाऱ्यातच उभी असते. वाक मोजला तर ०.३०. गेल्या आठवड्यात चार दिवस गावाला गेलो होतो, कूलर बंद, तेव्हा परत आल्यावर ०.१६ होता. ३८० रुपयांचं आर्द्रतेचं मीटर मागवलं. कूलर चालू असताना खोलीत ५८ टक्के, दुपारी लाइट गेल्यावर दोन तासांत २४. माझा नेक दिवसातून दोनदा कोकण आणि मराठवाडा करतोय.

गिटार आता कापडी बॅगेत, आतल्या खोलीत, कूलरपासून लांब. आठ दिवस ०.२३ ते ०.२६ च्या मधेच. कोरड्या दिवसांत बोर्ड रुंदीला आटतो आणि फ्रेटची टोकं तळव्याला टोचतात, तीही बारीक कानशीने मारली.

१२ जून

इंटोनेशन. उंची पक्की झाल्यावरच करायचं, कारण उंची बदलली की दाबल्यावर तार किती ताणते तेही बदलतं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट लावून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर सारखे हवेत. दाबलेला चढत असेल तर सॅडल मागे. तिसरी तार दीड मिमी मागे गेली, बाकी थोड्या-थोड्या. तासाभरात झालं.

२९ जून

पाऊस लागला. मीटर ७८. आठ दिवस रोज मोजलं: ०.२६, ०.२८, ०.३१, ०.३४ आणि तिथं थांबलं. उंची १.९ ची २.०५ झाली. स्क्रूला हात लावला नाही. आधी ट्रस रॉडला पावाच्याही अर्धा फेरा, एक रात्र, मग ०.२६. उंची आपोआप १.९ वर आली. एप्रिलमध्ये हे केलं असतं तर सॅडल दहा वेळा खालीवर करावं लागलं नसतं.

एकूण खर्च, मटण सोडून, २,२५० रुपये. संभाजीनगरला नेली असती तर दीड हजार. पण तिथं मे महिन्यात लावलेली गिटार जुलैत परत न्यावी लागली असती, असं मी बायकोला सांगितलंय.

१३ जुलै

काल सेलूला अडीच तास वाजवलं. बोटं ठीक. एफ, मींडा, सगळं ठीक. एक गोष्ट राहिलीय. जाड ईचं सॅडल खाली असल्याने मावसभावाने दिलेला ८ मिमीचा स्क्रू वर अर्धा मिमी निघतो आणि तळव्याच्या कडेला खरचटतं. ६ मिमीचे दोन मागवलेत. तोवर वर चिकटपट्टी लावली आहे.